लसीका-संस्था आणि पुण्याची गांठीची सांथ

अनवाणी चालतांना पायांत कांटा मोडला किंवा ठेंच लागली, आणि त्या जखमेकडे दोन-चार दिवस कोणी लक्ष दिलें नाहीं, म्हणजे जांघेंत एक दुखरी गांठ उठते, हें आमच्या पुष्कळ वाचकांच्या अनुभवाचें असेल. वडील माणसें तिला 'अवधाण' म्हणतात. घाव पायास आणि दुखणें जांघेंत, हें कसें? हाताचें बोट पिकलें तर गांठ कांखेंतच कां यावी, आणि दाढ किडली तर ती जबड्याखालींच कां यावी? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नांचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे आपल्या शरीरांतील एका अशा संस्थेची ओळख होते कीं, जिचें नांव रुधिराभिसरणाच्या मानानें फारच थोड्यांच्या कानीं पडलेलें असतें. तिला लसीका-संस्था म्हणतात. पुणें शहराच्या इतिहासांतील एका अत्यंत दुःखद प्रकरणाशींही हिचा निकट संबंध आहे. प्रथम या संस्थेची रचना व कार्य पाहूं, आणि मग त्या प्रकरणाकडे वळूं.

आपल्या शरीरांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. तें हृदयाच्या धक्क्यानें धमन्यांतून निघतें, अतिसूक्ष्म केशवाहिन्यांत येतें आणि शिरांच्या वाटेनें हृदयाकडे परततें, एवढें आपण शाळेंत शिकतों. परंतु जेवढें रक्तजल बाहेर निघतें, तेवढें सगळेंच या वाटेनें परत येत नाहीं. केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात कीं, रक्ताच्या दाबामुळें त्यांतून पाणी, क्षार, साखर व थोडींशीं प्रथिनें बाहेर झिरपतात आणि पेशींच्या मधल्या फटींत पसरतात. प्रत्येक पेशीस अन्न पोहोंचतें तें याच पाण्यांतून. झिरपलेल्या पाण्यापैकीं बहुतेक भाग पुन्हां रक्तांत शोषला जातो; पण दररोज स्थूलमानानें दोन ते चार लिटर पाणी आणि त्याबरोबर बाहेर पडलेलीं प्रथिनें मागें राहतात. हा उरलेला भाग परत आणण्याची सोय नसती, तर एक-दोन दिवसांतच रक्त आटून गेलें असतें आणि सर्वांग सुजून प्राण संकटांत पडला असता. पावसाळ्यांत टेंकड्यांवरून उतरणारें पाणी आंबील ओढा, नागझरी यांसारखे पुण्याचे ओढे गोळा करितात आणि मुठेच्या पात्रांत नेऊन सोडतात. शरीरांत मागें राहिलेलें पाणी गोळा करून रक्ताच्या प्रवाहांत परत सोडणारे जे ओढे, त्यांसच लसीकावाहिन्या म्हणतात. आणि त्यांतून वाहणारा रस तीच लसीका. अंगावर उठलेल्या पाणफोडांतील स्वच्छ, किंचित् पिवळसर पाणी पाहिलें म्हणजे तिच्या रूपाची कल्पना येते.

या वाहिन्यांची रचना मोठी सोयीची आहे. त्यांचा उगम पेशींच्या फटींत, एका टोंकास बंद असलेल्या बारीक नळ्यांच्या रूपानें होतो. या नळ्यांच्या भिंतीच्या पेशी कौलांप्रमाणें एकमेकींवर किंचित् चढलेल्या असतात. बाहेर पाणी सांचलें म्हणजे त्या आंतल्या बाजूस ढकलल्या जाऊन पाण्यास वाट देतात, आणि आंत दाब वाढला म्हणजे मिटतात. अशा बारीक नळ्या मिळून मोठ्या वाहिन्या होतात. त्यांत जागोजागीं पडदे असतात, त्यामुळें लसीका पुढें जाऊं शकते, पण मागें फिरूं शकत नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, रक्तास हृदय ढकलतें, तर लसीकेस कोण ढकलतें? माणसाच्या शरीरांत लसीकेसाठीं स्वतंत्र हृदय नाहीं. मोठ्या वाहिन्यांच्या भिंती स्वतःच लयीनें थोड्या आकुंचन पावतात. शिवाय चालतांना, धांवतांना, हात हलवितांना स्नायु त्यांस दाबतात. श्वासोच्छ्वासाबरोबर छातींतील दाब कमीजास्त होतो. शेजारच्या धमन्यांचे ठोके त्यांवर पडतात. या सर्वांच्या जोरावर लसीका मंदगतीनें वर चढते. लांबच्या प्रवासांत पाय लोंबते ठेवून बसलें म्हणजे पाउलें जड होतात, त्याचें एक कारण हेंच. खेळाच्या तासास जे विद्यार्थी कोपऱ्यांत बसून राहतात, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

दोन्ही पाय, पोट, डावा हात आणि मस्तक व छाती यांची डावी बाजू, एवढ्या सगळ्या प्रदेशाची लसीका शेवटीं एका मुख्य वाहिनीस येऊन मिळते. ही पोटांत कण्याच्या पुढें एका लहानशा पिशवीपासून निघते, छातींतून वर जाते आणि मानेच्या मुळाशीं डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेंत उघडते. तिची लांबी सुमारें चाळीस सेंटिमीटर, म्हणजे हातभराहून थोडी कमी असते. उजवा हात आणि मस्तक व छाती यांची उजवी बाजू यांच्याकरितां उजवीकडे एक अगदींच आंखूड वाहिनी असते. दोन्ही बाजूंची वांटणी अशी असमान कां, याचें विद्यार्थ्यांस नवल वाटतें. पण परीक्षेंत हा प्रश्न हटकून येतो, म्हणून तो विसरूं नये!

आंतड्यांतून निघणाऱ्या लसीकावाहिन्यांचें काम कांहींसें निराळें आहे. आपण खाल्लेलें तूप, तेल, लोणी पचून झालें म्हणजे त्यांतील स्निग्धांश बहुतांशीं सरळ रक्तांत जात नाहींत. ते या वाहिन्यांत शिरतात. त्यामुळें जेवणानंतर त्यांतील रस दुधासारखा पांढरा दिसतो, आणि म्हणूनच त्यांस पयस्विनी असें नांव आहे. लसीका-संस्थेचा अर्वाचीन शोध याच पांढऱ्या रंगामुळें लागला. इटलींतील पाव्हिया येथील वैद्य गास्पारे आसेल्ली यास १६२२ सालीं, नुकतेंच खाणें झालेल्या एका कुत्र्याच्या पोटांत पांढऱ्या दोऱ्यांचें जाळें दिसलें. प्रथम ते मज्जातंतु असावेत असें त्यास वाटलें. पण एक दोरा कापतांच त्यांतून दुधासारखा रस वाहिला. पुढें १६५१ सालीं फ्रान्समध्यें झां पेके यानें मुख्य वाहिनीचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्यानंतर लवकरच स्वीडनमधील रुडबेक व डेन्मार्कमधील बार्थोलिन यांनीं या वाहिन्या केवळ आंतड्यांत नसून इतरत्रही आहेत असें दाखविलें. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत ग्रंथि, अपची आणि श्लीपद या रोगांचीं वर्णनें आहेत. म्हणजे गांठी व सुजलेले पाय यांकडे आपल्या वैद्यांचें लक्षही फार पूर्वीपासून होतें. हा शोध अजूनही संपलेला नाहीं. मेंदूच्या आवरणांत लसीकावाहिन्या नाहींत असें पुष्कळ काळ मानीत असत. त्या तेथेंही आहेत, हें २०१५ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं निश्चित झालें.

आतां गांठीकडे येऊं. पूर्वी शहराच्या वेशीपाशीं जकातीचीं नाकीं असत; बाहेरून येणारी गाडी तेथें थांबवून मालाची झडती घेत. लसीकावाहिन्यांच्या वाटेवर अशींच नाकीं आहेत. त्यांस लसीकाग्रंथि म्हणतात. सबंध शरीरांत त्या सुमारें पांचशें ते सहाशें असतात. आकार पावट्याच्या दाण्यासारखा. कांहीं मोहरीएवढ्या बारीक, तर कांहीं दाण्याहून मोठ्या. त्या सर्वत्र विखुरलेल्या असल्या, तरी मान, कांख, जांघ, छाती व पोट यांत त्यांचे झुबके असतात. प्रत्येक ग्रंथींत अनेक वाहिन्या शिरतात आणि एखाद-दुसरीच बाहेर पडते. त्यामुळें लसीका आंत रेंगाळते व जाळीसारख्या भागांतून गाळली जाते. पायाची लसीका जांघेंतील नाक्यावर, हाताची कांखेंतील नाक्यावर, आणि तोंड, घसा व डोकें यांची मानेंतील नाक्यांवर येते. आरंभीं विचारलेल्या प्रश्नांचें उत्तर येथेंच मिळतें. पायांतील कांट्याबरोबर शिरलेले जंतु लसीकेबरोबर वाहत जांघेंत येतात, तेथें अडविले जातात, आणि जें युद्ध जुंपतें त्यानें ग्रंथि फुगते व दुखते. म्हणून अवधाण हा मूळचा रोग नव्हे. तो पहारेकरी जागा असल्याची खूण होय.

या युद्धांत दोन प्रकारचे शिपाई असतात. पहिल्या प्रकारच्या पेशी जंतूंस सरळ गिळून टाकितात. दुसऱ्या प्रकारच्या पेशींस लसीकापेशी म्हणतात; त्या अधिक चतुर असतात. जखमेच्या जागेहून कांहीं पेशी जंतूंचे तुकडे ग्रंथींत घेऊन येतात आणि ते लसीकापेशींस दाखवितात. लक्षावधि लसीकापेशींपैकीं ज्या थोड्या पेशींशीं तो नमुना जुळतो, त्या झपाट्यानें वाढूं लागतात. त्यांपैकीं कांहीं प्रतिपिंडें नांवाचीं द्रव्यें तयार करितात. तीं त्याच जंतूस चिकटून त्यास निरुपद्रवी करितात. कांहीं पेशी रोग गेल्यावरही वर्षानुवर्षें टिकतात आणि तोच शत्रु पुन्हां आला तर त्यास लगेच ओळखतात. लस टोंचण्याचें सारें मर्म यांत आहे. मेलेला किंवा दुर्बळ केलेला जंतु शरीरास आधींच दाखवून ठेवावयाचा, म्हणजे खऱ्या शत्रूची ओळख ग्रंथींस पटते. क्षयाविरुद्धची बी. सी. जी. लस तान्ह्या मुलाच्या डाव्या दंडावर टोंचल्यावर कधीं कधीं त्याच बाजूच्या कांखेंत लहानशी गांठ येते, तिचें कारण आतां वाचकांच्या ध्यानीं येईल.

या संस्थेचे आणखीही आप्त आहेत. लसीकापेशींचा जन्म हाडांच्या मज्जेंत होतो. त्यांपैकीं कांहींचें शिक्षण छातींत उरोस्थीच्या मागें असलेल्या यौवनलोपी ग्रंथींत होतें. ही ग्रंथि बालपणीं मोठी असते आणि वयाबरोबर आटत जाते. डाव्या बरगड्यांखालीं असलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, लसीकेऐवजीं रक्त गाळते व जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी मोडून काढते. घशांतील टॉन्सिल हे अन्न व श्वास यांच्या दारावरचे पहारेकरी होत.

येथवर जें सांगितलें, त्याचा आपल्या शहराशीं काय संबंध, तें आतां पाहूं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. आकासियु गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेगचा रोग ओळखला. थोड्याच महिन्यांत तो पुण्यास पोहोंचला. प्लेगचे जंतु उंदरांवरील पिसवांच्या दंशानें माणसाच्या अंगांत शिरतात. पिसू बहुधा पायास चावते. म्हणून जंतु जांघेंतील ग्रंथींत येतात. हातास चावली तर कांखेंत, मानेजवळ चावली तर गळ्यांत. पण हा शत्रु निराळा आहे. ग्रंथींतील पेशी त्यास गिळतात खऱ्या. परंतु तो कांहींच्या पोटांतही जिवंत राहतो व वाढतो. पहारेकऱ्याचें नाकेंच शत्रूच्या हातीं जातें. दोन-चार दिवसांत ग्रंथि लिंबाएवढी फुगते, रोग्यास पाय सरळ करवत नाहीं, ताप भडकतो, आणि शेवटीं जंतु रक्तांत उतरतात. उपचार न झाल्यास गांठीच्या प्लेगचे शंभरांतील तीस ते साठ रोगी दगावतात. आमच्या आजा-पणज्यांनीं या रोगास 'गांठीचा ताप' म्हटलें, तें अगदीं यथार्थ होतें. अलेक्झांद्र येर्सँ यानें १८९४ सालीं हाँगकाँग येथें प्लेगचा जंतु शोधून काढला, तोही मृतांच्या अशाच गांठींतून.

सरकारनें १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा केला आणि पुण्यांत रँडच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली. मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरून रोगी शोधूं लागल्या. रोगाची खूण गांठ, आणि गांठीच्या जागा कांख व जांघ. तेव्हां तपासणी होई ती नेमकी त्याच जागीं. शरीरशास्त्राच्या दृष्टीनें जागा बरोबर होती. पण ती कोणी, कोठें आणि कशी तपासावी, याचा विचार झाला नाहीं. स्त्रीपुरुषांचीं वस्त्रें चारचौघांसमोर दूर सारून तपासणी होते, देवघरें व स्वयंपाकघरें विटाळलीं जातात, सामान जाळलें जातें, अशा तक्रारी लोकांनीं वारंवार केल्या. तपासणाऱ्यास ती केवळ एक ग्रंथि होती. तपासल्या जाणाऱ्या बाईस ती तिची लाज होती. या संतापांतून २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट त्याच रात्रीं ठार झाला. रँड ३ जुलै रोजीं मरण पावला. पुढें चाफेकर बंधूंस फांशी झाली. शिवाय एवढ्या धामधुमींत रोगाचा खरा वाहक कोणाच्याच दृष्टीस पडला नव्हता. पिसवेचा संबंध पॉल-लुई सिमाँ यानें कराचीस १८९८ सालीं दाखविला.

त्याच वर्षीं याच पुण्यांत रोग्याच्या जवळ जाण्याची दुसरी रीतही दिसली. सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्या कामांतच त्यांस रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. आणि मुंबईस वाल्डेमार हाफकिन यानें प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. दुसऱ्याच्या ग्रंथींस शिकविण्यापूर्वीं त्यानें आपल्या ग्रंथींस शिकविलें, असें म्हटलें तरी चालेल. परळ येथील संस्थेस १९२५ पासून त्याचें नांव आहे. आज प्लेगवर प्रतिजैविकें उपलब्ध आहेत. तीं वेळेवर मिळालीं तर बहुतेक रोगी वांचतात.

लसीका-संस्थेचे दुसरे कांहीं रोग मात्र अजून आपल्यांत आहेत. मानेंत एकामागून एक गांठी येऊन त्यांची माळ होते, तिला गंडमाळ म्हणतात. ती बहुधा क्षयाची असते आणि कित्येक महिने नेटानें औषध घेतल्यास बरी होते. दुसरा रोग हत्तीपाय. गढूळ व सांडपाण्यांत वाढणाऱ्या क्युलेक्स डांसांच्या चाव्यानें सुतासारखे बारीक कृमि लसीकावाहिन्यांत शिरून तेथेंच घर करितात. आंबील ओढ्याचें पात्र आंखडल्यावर एकाच रात्रींच्या पावसानें काय अनर्थ होतो, तें पुणेंकरांनीं २५ सप्टेंबर २०१९ रोजीं पाहिलें. वाहिनी निकामी झाल्यावर पायाचें तसेंच होतें. पाणी सांचतें, पाय सुजतो, आणि वारंवार जंतु शिरून कातडी जाड व खरबरीत होते. विदर्भांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांत हा रोग पूर्वीपासून आढळतो, आणि तो हटविण्याकरितां तेथें सरकारी सेवक घरोघर गोळ्या वांटीत आले आहेत. रोगी दिसत नसला तरी त्या गोळ्या घ्यावयाच्या असतात; कारण कृमि पाय सुजण्यापूर्वीं कित्येक वर्षें अंगांत गुप्तपणें राहूं शकतात. ज्यांचा पाय सुजलेला आहे, त्यांनीं तो रोज साबणानें धुऊन कोरडा करावा व बसतां-निजतांना उंच ठेवावा, म्हणजे त्रास पुष्कळ कमी होतो. अशा माणसाची थट्टा करणें हें सुशिक्षितास मुळींच शोभत नाहीं.

पालकांसाठीं दोन शब्द. मुलांच्या मानेंत वाटाण्याएवढ्या, बोटाखालीं सरकणाऱ्या गांठी पुष्कळदां लागतात. घसा किंवा दांत दुखल्यावर त्या वाढतात व दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. त्यांचें भय बाळगूं नये. परंतु जी गांठ दुखत नाहीं आणि वाढतच जाते, जी दगडासारखी कठीण व एका जागीं रुतलेली लागते, जी गळपट्टीच्या हाडावर येते, किंवा जिच्याबरोबर संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम व वजनाची घट असते, ती डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करूं नये. गंडमाळेप्रमाणेंच कर्करोगही याच वाटांनीं पसरतो. म्हणून स्तनाच्या रोगांत डॉक्टर कांख अवश्य तपासतात. गांठीवर बिब्बा घालणें, डाग देणें किंवा ती चोळून जिरविण्याचा प्रयत्न करणें हे घातक उपाय आहेत. मूळ जखम स्वच्छ धुवावी. बहुतेक अवधाणें त्यानेंच बसतात.

आणि आणखी एक गोष्ट. कांख, जांघ, छाती हीं अंगें लज्जेनें झांकलेलीं असतात, म्हणून तेथील दुखणें मुलें, आणि विशेषतः मुली, दिवसेंदिवस लपवून ठेवितात. आईवडिलांनीं त्यांस असा विश्वास द्यावा कीं, तें सांगण्यांत कांहीं वावगें नाहीं. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें डॉक्टर किंवा परिचारिका होतील, त्यांनीं रोग्याच्या अंगास हात लावण्यापूर्वीं त्याची अनुमति घ्यावी, आडोसा करावा, आणि आपण काय शोधीत आहों तें त्यास समजेल अशा भाषेंत सांगावें. ग्रंथि कोठें असते हें पुस्तक शिकवितें. तिच्यापर्यंत हात कसा न्यावा, हें पुण्यास १८९७ सालीं फार मोठें मोल देऊन कळलें आहे.